आधी पत्ता, मग बाकीचं

"मुलांना घेऊन घर सोडलंय, सध्या बहिणीकडे आहे, पण इथं किती दिवस काढणार?" "नवरा वारला, तेराव्यानंतर दिरांनी खोलीला कुलूप लावलं." "आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाई दोन लेकरांसह देवळाच्या ओवरीत झोपतात असं कळलं, त्यांना कुठं पाठवू?" अशी विचारणा वाचकांकडून सतत होते. तिच्या मागोमाग पुढचे प्रश्न येतात. आश्रमात मुलग्याला घेतात का? कागदपत्रं सासरीच राहिली, आता? घर सोडलं म्हणजे घरावरचा हक्क गेला का?

यातल्या एकेका प्रश्नाचं उत्तर कुठं ना कुठं मिळतं. कोणतं काम कशाच्या आधी करायचं, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मग कुणी आधी खोलीच्या डिपॉझिटसाठी दागिने मोडतं आणि भाडं थकल्यावर पुन्हा रस्त्यावर येतं. कुणी वर्षभर नुसते कोर्टाचे हेलपाटे घालतं आणि तेवढ्यात मुलाची शाळा सुटते. आमच्या मते क्रम असा असावा: छप्पर, पत्त्याचा कागद, मुलांची शाळा, खात्यात नियमित येणारे पैसे आणि सगळ्यात शेवटी भाड्याची खोली. कोर्टाचं काम या रांगेत उभं करायचं नाही, ते पहिल्या आठवड्यापासून शेजारून चालू ठेवायचं.

पुढचं मार्गदर्शन महाराष्ट्रातल्या एकल मातांसाठी आहे. केंद्राचे कायदे सगळीकडे सारखे आहेत. योजनांच्या रकमा मात्र राज्याराज्यांत बदलतात.

आज रात्री कुठं?

तीन नंबर पाठ करून ठेवा. फोन हातून गेला तरी ते दुसऱ्याच्या फोनवरून लावता येतात.

- १८१ – महिला हेल्पलाईन, चोवीस तास. निवारा, समुपदेशन, वकील, सगळ्याची सुरुवात इथून होते.
- ११२ – मारहाण चालू आहे, कोणी पाठलाग करतंय, जिवाला धोका आहे तर.
- १०९८ – मुलांसाठी. मूल आजारी असेल, हरवलं असेल किंवा कोणी हिरावून नेलं असेल तर.

हिंसाचारामुळे बाहेर पडला असाल तर १८१ वरून तुम्हाला बहुधा जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरशी जोडून देतात. तिथं पाच दिवसांपर्यंत राहता येतं. वैद्यकीय तपासणी, पोलीस तक्रार, वकिलाची गाठ हे सगळं तिथूनच होतं. पण पाच दिवस फार लवकर सरतात. म्हणून पोचल्या दिवशीच तिथल्या ताईंना विचारा, "सहाव्या दिवशी माझी सोय कुठं?" आणि त्या दिवसापासून पुढच्या जागेचा पाठपुरावा सुरू करा.

पुढच्या जागा साधारण अशा:

- शक्ती सदन. पूर्वी स्वाधार गृह म्हणत ते. निराधार, अत्याचारग्रस्त, घरातून काढलेल्या स्त्रियांसाठी. इथला मुक्काम जास्त काळाचा असतो.
- शासकीय महिला राज्यगृह. महिला व बालविकास विभागाचं. प्रवेशासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांचं कार्यालय गाठा.
- बेघर निवारा केंद्र. महापालिका किंवा नगरपालिकेचं. हिंसाचार झालाच पाहिजे अशी इथं अट नाही. राहायला जागा नाही एवढं कारण पुरतं. शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान एक कायमस्वरूपी निवारा असावा असा दंडक आहे. मोठ्या शहरांत तो पाळला जात नाही, हे ठाऊक असू द्या. म्हणून जाण्याआधी फोन करा आणि केंद्र फक्त पुरुषांचं नाही ना, हे विचारून घ्या.
- संस्थांचे आश्रम. केडगावचं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन किंवा मुंबईतला श्रद्धानंद महिलाश्रम अशी जुनी परंपरा आपल्याकडे आहे. आता जिल्ह्याजिल्ह्यांत लहानमोठ्या संस्था आहेत. प्रत्येकीचे नियम वेगळे. बाहेर कामाला जाऊ देतात का, फोन जवळ ठेवू देतात का, मुलांची शाळा चालू राहते का, हे तीन प्रश्न आत जाण्यापूर्वीच विचारावेत. बाईला कामाला बाहेर जाऊच देत नाही अशा ठिकाणी पोटाची सोय होते, पण पायावर उभं राहणं लांबतं.

"आधी तक्रार नोंदवून या, मग घेऊ," असं सांगून परत पाठवणं चुकीचं आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अधिसूचित आश्रयगृहाला तक्रार किंवा अहवाल नाही म्हणून पीडित स्त्रीला नाकारता येत नाही. तुमची इच्छा नसेल तर तुम्ही तिथं आहात हे बाहेर सांगताही येत नाही.

मुलगा मोठा असेल तर

सगळ्यात जास्त बायका इथंच अडतात, आणि याबद्दल आधी कोणी बोलत नाही. मुलीला अठरा वर्षांपर्यंत आईजवळ ठेवतात. मुलग्याला मात्र जुन्या स्वाधार योजनेत आठ वर्षांची मर्यादा होती. केंद्राच्या मिशन शक्ती योजनेच्या २०२२ च्या नियमांनी ती बारावर नेली. काही ठिकाणी अजूनही तोंडी "आठच" सांगतात. तेव्हा नवे नियम विचारा, आणि नकार दिलाच तर तो लेखी मागा. लेखी मागितल्यावर पुष्कळदा नकार विरघळतो.

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा असेल तर खरोखरच पर्याय थोडे आहेत. कुटुंबाला एकत्र ठेवणारं बेघर निवारा केंद्र शहरात असेल तर ते पहिलं. नाही तर शाळेचं किंवा समाजकल्याणचं वसतिगृह, किंवा विश्वासाचा नातेवाईक. बालगृह सगळ्यात शेवटी. बाल न्याय कायदा, २०१५ हाच मुळात सांगतो की मुलाला संस्थेत ठेवणं हा अखेरचा उपाय. "तुझ्याकडे घर नाही, म्हणून मूल आमच्याकडे दे," असा दबाव कोणी आणत असेल तर गरिबी हे मूल काढून घेण्याचं कारण होत नाही, हे ठामपणे सांगा.

तरीही काही महिन्यांसाठी मुलाला बालगृहात ठेवावं लागलं, तर बाल कल्याण समितीच्या आदेशाची प्रत घ्या, भेटीचा वार लिहून घ्या आणि सही करताना कागद वाचून घ्या. तात्पुरतं ठेवणं आणि मूल समर्पित करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समर्पणाच्या कागदावर सही झाली तर पुनर्विचाराला साठ दिवसांची मुदत असते. त्यानंतर मूल दत्तक जाऊ शकतं. वाचता येत नसेल तर विश्वासाचं माणूस येईपर्यंत अंगठा लावू नका.

पहिल्या दोन दिवसांत करायच्या गोष्टी

- पोलिसांना साधं पत्र द्या. जिथं मुक्काम आहे तिथल्या पोलीस ठाण्यात. "मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं माझ्या मुलांसह बाहेर पडले आहे, माझा सध्याचा पत्ता सासरच्यांना देऊ नये," एवढंच. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घ्या. नवरा बहुतेक वेळा बायको-मुलं हरवल्याची तक्रार करतो आणि मग पोलीस शोधत आश्रमाच्या दारात येतात. हे पत्र असलं की तो प्रकार टळतो.
- फोनचा बंदोबस्त करा. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर नवं घ्या. फोनमधलं जुनं ईमेल खातं काढून टाका. त्याला पासवर्ड माहीत असेल तर तुम्ही कुठं आहात ते त्याला घरबसल्या दिसतं.
- आधारला जोडलेला मोबाईल नंबर बदला. याला कुठलंही कागदपत्र लागत नाही. आधार केंद्रावर बोटांचे ठसे आणि नाममात्र शुल्क पुरतं. हे राहिलं तर पुढं प्रत्येक योजनेचा ओटीपी जुन्या फोनवर, म्हणजे त्याच्या हातात जाईल.
- मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि केसपेपर जपून ठेवा. वळ चार दिवसांत जातात, कागद कोर्टात बोलतो.

अजून घर सोडलं नसेल, पण सोडावं लागेल असं वाटत असेल, तर मुलांचे जन्मदाखले, सगळ्यांची आधार कार्डं, रेशनकार्ड, बँक पासबुक, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, मुलांची निकालपत्रकं यांचे फोटो काढून बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेवा. मूळ कागद राहिले तरी नंबर हाताशी असला की दुसरी प्रत काढता येते. आणि शक्य तेवढं करून मुलं मागं ठेवून बाहेर पडू नका. नंतर ताबा मागता येतो, पण तोवर "आईच टाकून गेली" ही गोष्ट सासरी पक्की झालेली असते.

पत्त्याचा कागद

बेघर माणसाची खरी कोंडी इथं आहे. रेशन मागायला गेलं की पत्ता विचारतात, बँकेत पत्ता विचारतात, तहसीलमध्ये रहिवासाचा पुरावा मागतात. म्हणून निवाऱ्यात पाय टाकल्यावर जेवणाच्या वेळांइतकंच महत्त्वाचं मागणं हे: संस्थेच्या अधीक्षकांकडून राहत असल्याचं पत्र. तारीख, मुलांची नावं, तुमचा फोटो आणि फोटोवर अर्धा-अर्धा येईल असा शिक्का.

आधारसाठी याहून पुढची सोय आहे. आधार प्राधिकरणाचा प्रमाणपत्राचा एक ठरावीक नमुना आहे. मान्यताप्राप्त आश्रयगृहाचे अधीक्षक त्यावर सही करू शकतात आणि तो पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. आमदार, खासदार, नगरसेवकही तो देऊ शकतात. केंद्रावर हा नमुना बारकाईनं बघतात: फोटो चिकटवलेला हवा, शिक्का फोटोवर यायला हवा, नाव आधारमधल्या स्पेलिंगप्रमाणे हवं, खाडाखोड नको. एका ठिकाणी पेनानं दुरुस्ती केली म्हणून अख्खा दिवस फुकट जातो. त्यामुळे कोरे नमुने दोन-तीन जास्तीचे न्या.

निवाराही मिळाला नसेल तर? तरी मतदार यादीत नाव घालता येतं. बेघर व्यक्तीला पत्त्याचा कागदी पुरावा द्यावा लागत नाही. अर्जात तुम्ही झोपता ती जागा लिहायची, मग मतदान केंद्राचा अधिकारी रात्री येऊन तुम्ही तिथं खरोखर झोपता का हे पाहतो. पुलाखालच्या जागेवरूनही मतदार ओळखपत्र निघू शकतं, आणि ते हातात आलं की बाकीचे दरवाजे जरा सैल होतात.

बँक खातं. काहीच कागद नसले तरी बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा आणि फोटो देऊन "छोटं खातं" उघडता येतं. त्यात एका वेळी पन्नास हजारांहून जास्त शिल्लक ठेवता येत नाही आणि महिन्याला दहा हजारांपर्यंतच काढता येतात. खातं बारा महिने चालतं. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला हा प्रकार माहीत नसेल तर शाखा व्यवस्थापकांना भेटा.

आता एक धोका, जो फार बायकांना पैसे बुडाल्यावरच कळतो. सरकारी अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. ते खातं जुनं असेल आणि त्याचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असेल, तर योजना तुमच्या नावावर मंजूर होते आणि पैसे तो काढतो. नवं खातं उघडल्याबरोबर "आधार या खात्याला जोडा" असा वेगळा अर्ज बँकेत द्या आणि जोडलं गेलं का हे पुन्हा विचारून खात्री करा.

रेशन. अन्न सुरक्षा कायद्यानं २०१३ पासून कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या अठरा वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या स्त्रीचंच नाव असतं. सासरच्या कार्डातून तुमचं आणि मुलांचं नाव कमी करून वेगळं कार्ड मागा. सासरचे सही देत नाहीत म्हणून पुरवठा कार्यालय अडवत असेल तर पोलिसांना दिलेल्या पत्राची पोच आणि महिला व बालविकास कार्यालयातल्या संरक्षण अधिकाऱ्यांचं पत्र जोडा. विधवा कुटुंबप्रमुख असलेल्या गरीब घरांना अंत्योदय कार्डात प्राधान्य आहे. त्यावर महिन्याला कुटुंबामागे पस्तीस किलो धान्य मिळतं. प्राधान्य कुटुंबाच्या कार्डावर माणशी पाच किलो. कार्ड गावाकडचं असेल तरी देशभर कुठल्याही रेशन दुकानातून आपला वाटा उचलता येतो.

आणखी एका कारणासाठी निवाऱ्याचं पत्र पर्समध्ये ठेवा. महाराष्ट्रात १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्याच्या व्याख्येत हात पसरणाराच नव्हे, उदरनिर्वाहाचं साधन न दिसणारा आणि रस्त्यावर फिरणारा माणूसही बसतो. स्टेशनवर मुलांसह रात्र काढणारी बाई त्यात सापडू शकते. पत्र दाखवलं तर पुढचं संभाषण वेगळं होतं.

मुलांची शाळा: थांबू नका

"घराचं काही तरी होऊ दे, मग शाळेचं बघू," असं म्हणण्यात वर्ष जातं. उलट करा. मुक्काम तात्पुरता असला तरी जवळच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घाला. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी:

- जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.
- शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश थांबवता येत नाही. जुन्या शाळेचे मुख्याध्यापक तो द्यायला बांधील आहेत. नव्या शाळेनं तो मागवावा.
- वर्ष अर्ध्यावर आलं असलं तरी प्रवेश मिळतो, आणि तोही वयाप्रमाणे योग्य वर्गात.

सहा वर्षांखालच्या मुलांना अंगणवाडीत घाला. तिथं खाऊ मिळतो, लसीकरणाची आठवण राहते आणि तुम्हाला कामासाठी तीन-चार तास मोकळे होतात. शिवाय अंगणवाडी सेविकेला कोणत्या योजनेचा अर्ज कुठं भरतात हे पक्कं ठाऊक असतं. तिच्याशी ओळख ठेवा.

अविवाहित आई असाल तर मुलाच्या जन्मदाखल्यासाठी वडिलांचं नाव सांगण्याची सक्ती होऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. आईचं प्रतिज्ञापत्र पुरतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी जन्मदाखला हाच जन्मतारखेचा मुख्य पुरावा झाला आहे, त्यामुळे लहान बाळ असेल तर ते काम मागं टाकू नका.

खात्यात येणारे पैसे

सगळ्या योजनांची जंत्री इथं देत नाही. ज्यातून खरंच काही हाताशी येतं, तेवढ्याच सांगतो.

बालसंगोपन योजना आधी पाहा, कारण एकल मातांना ती माहीतच नसते. आई किंवा वडील यांपैकी एकच पालक असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलामागे दरमहा २,२५० रुपये मिळतात. सावित्रीबाई फुल्यांचं नाव असलेली ही राज्याची योजना आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून दरमहा ४,००० रुपयांचं प्रायोजकत्व आहे. त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,००० रुपयांच्या आत हवं. विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या स्त्रियांची मुलं त्यात बसतात. एका मुलासाठी दोन्ही घेता येत नाहीत. चौकशी जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा, मंजुरी यायला वेळ लागतो. म्हणून अर्ज लवकर टाका.

संजय गांधी निराधार अनुदान योजना. दरमहा १,५०० रुपये, अर्ज तहसील कार्यालयात. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित इतकंच नव्हे, तर घटस्फोटाचं प्रकरण अजून चालू आहे आणि पोटगी मिळत नाही अशा स्त्रियाही पात्र आहेत. वय पासष्टच्या आत, महाराष्ट्रात पंधरा वर्षांचं वास्तव्य आणि वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. ही उत्पन्नाची मर्यादा आजच्या काळात हास्यास्पद आहे, पण नियम तो आहे. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर तो पर्याय वापरा.

लाडकी बहीण. एकवीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांना दरमहा १,५००. पण संजय गांधीचे १,५०० चालू असतील तर हे मिळत नाहीत. नवी नोंदणी चालू आहे का, हे अंगणवाडीत विचारा, दलालाला नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस अठरा ते एकोणसाठ वयात गेला असेल तर एकरकमी २०,००० रुपये. हाही अर्ज तहसीलमध्येच. डिपॉझिटसाठी हे पैसे नेमके उपयोगी पडतात.

कुठलाही अर्ज देताना झेरॉक्सवर पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असं समजायला हरकत नाही.

घर सोडलं तरी हक्क सुटत नाही

आता सगळ्यात मोठ्या गैरसमजाकडे येऊ. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ नुसार ज्या घरात तुम्ही संसार केला त्या घरात राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, मग ते घर नवऱ्याच्या नावावर असो, भाड्याचं असो वा सासऱ्यांच्या मालकीचं. सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घराबद्दलचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये निकाली काढला. विधवेलाही हाच हक्क आहे, आणि ती सध्या तिथं राहत नसली तरी तो मागता येतो, असं त्याच न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलं. लग्न न करता संसार केलेल्या स्त्रियांनाही या कायद्याचं संरक्षण मिळू शकतं.

त्याच घरात परत जायचं नसेल, आणि पुष्कळजणींना नसतंच, तर कोर्टाकडून नवऱ्यानं तुम्हाला दुसरी जागा द्यावी किंवा भाडं भरावं असा आदेश मागता येतो. भाड्याची खोली परवडण्याचा हा सरळ मार्ग आहे, पण अर्ज करताना तो स्वतंत्रपणे मागावा लागतो. वकिलाला आठवण करून द्या. सोबत मुलांचा तात्पुरता ताबा, खर्चाचे पैसे आणि नवऱ्यानं जवळ येऊ नये हा संरक्षण आदेशही एकाच अर्जात मागता येतो.

काही कामाच्या गोष्टी:

- अर्ज तुम्ही सध्या राहता तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे चालतो, निवारा तात्पुरता असला तरी. सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. छळाची फौजदारी तक्रारही आसरा घेतलेल्या ठिकाणी देता येते.
- संरक्षण अधिकारी तुमचा घटना अहवाल लिहितात. कोणत्या तारखेला काय झालं ते आधी वहीत लिहून न्या. त्यांना शोधण्यासाठी महिला व बालविकास कार्यालय गाठा. पोलिसांच्या महिला व मुलांसाठीच्या विशेष कक्षातही मदत मिळते. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे काम आता जिल्ह्यांपर्यंत गेलं आहे.
- वकील फुकट मिळतो. विधी सेवा कायदा, १९८७ खाली कुठल्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा न्यायालयातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा किंवा १५१०० वर फोन करा.
- पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते, निकालाच्या नव्हे. त्यामुळे अर्ज लवकर टाकलेला बरा. आणि पोटगी थकली तर वसुलीचा अर्ज एक वर्षाच्या आत करा. "देईल कधीतरी," म्हणून थांबलात तर वर्षापूर्वीच्या हप्त्यांसाठी वॉरंट निघत नाही.

सही करण्याआधी

सासरची माणसं परत "समजूत घालायला" येतात तेव्हा बहुधा हातात कागद असतो. विधवांच्या बाबतीत हक्कसोडपत्र हा नेहमीचा प्रकार. हिंदू वारसा कायद्यात मृत नवऱ्याच्या हिश्श्यात विधवा, मुलं, मुली आणि त्याची आई यांचा सारखा वाटा असतो. "सातबारावर नाव लावायचंय," म्हणून घेतलेल्या सहीनं हा वाटा जाऊ शकतो. स्वतः तलाठ्याकडे जाऊन वारसनोंदीची प्रत मागा.

तडजोडीचा कागदही असाच. परत जायचं की नाही हे तुम्हीच ठरवा, आम्ही त्यात मत देणार नाही. मात्र जायचं ठरलं तर तक्रार मागं घेऊ नका. कोर्टाच्या देखरेखीखाली, आदेश कायम ठेवून जा. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर सही तर कुणालाच देऊ नका, माहेरच्यांनाही.

काम आणि स्वतःची खोली

काम आधी लागतं, खोली नंतर. मधल्या काळासाठी सखी निवास, म्हणजे नोकरदार महिलांचं वसतिगृह, ही चांगली पायरी आहे. मुलींना अठरा आणि मुलग्यांना बारा वर्षांपर्यंत बरोबर ठेवता येतं, आणि भाडं पगाराच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असतं. जागा कमी असतात, त्यामुळे काम लागण्याआधीच यादीत नाव घाला.

घरकाम करत असाल तर घरेलू कामगार मंडळात, बांधकामावर असाल तर वर्षातले नव्वद दिवस झाल्यावर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करा; दुसऱ्यातून मुलांना शिष्यवृत्ती मिळते. गावात असाल तर उमेदचा बचत गट, शहरात माविमचा (महिला आर्थिक विकास महामंडळाचा). गटाचं कर्ज लगेच घेऊ नका. पहिले काही महिने नुसती बचत करा.

खोली घेताना एक नियम माहीत असू द्या, घरमालकांना तो सांगायला आवडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. डिपॉझिट रोख देऊ नका, खात्यातून द्या. नोंदणीकृत करार हाती आला की तोच तुमचा नवा पत्त्याचा पुरावा. आधार, रेशन, बँक, सगळीकडे एकाच आठवड्यात बदलून घ्या.

कायमच्या घरासाठी पंतप्रधान आवास योजनेत विधवा आणि एकल स्त्रियांना प्राधान्य आहे. अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई, आदिवासींना शबरी घरकुल. ग्रामपंचायतीच्या यादीत नाव आहे का हे ग्रामसभेत जाऊन विचारा. सरपंचांच्या घरी जाऊन विचारलं तर उत्तर वेगळं येतं.

तुमच्या दारात अशी बाई उभी राहिली तर

तिला दोन-तीन रात्री ठेवून घेणं ही मोठी मदत आहे, पण त्याच दिवसांत १८१ ला फोन करून ठेवा. तुमच्या घरी कामाला असेल तर पगार रोख न देता तिच्या नव्या खात्यात जमा करा. उत्पन्नाचा आणि कामाचा तोच पहिला पुरावा ठरतो. तिची गोष्ट सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका आणि मुलांचे फोटो तर मुळीच नकोत. नवरा ज्या माणसांना ओळखतो त्यातला एखादा त्या ग्रुपवर असतोच.

तहसीलमध्ये किंवा पोलीस ठाण्यात तिच्याबरोबर जा, पण बोलू तिला द्या. तुम्ही वही-पेन घेऊन बसा. कोणत्या टेबलावर कोण होतं, काय मागितलं, पुन्हा कधी बोलावलं, एवढं टिपा. पुढच्या फेरीला तेच टिपण साहेबांसमोर ठेवलं की "कागद अपुरे आहेत" म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवणं त्यांना जड जातं.